दाराबाहेरचं स्टूल

सुशीलाताई गायकवाडांना नळाच्या आवाजावरून आत काय चाललंय ते कळायचं. पाणी हातावर पडतंय की नुसतंच बेसिनमध्ये, साबण लावताना नळ बंद केलाय की तसाच सोडलाय, मूल हात धुतंय की हातांना पाणी दाखवून परत येतंय, हे सगळं त्या बाहेर बसून सांगत. मला हे पहिल्याच भेटीत कळलं. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. वरचा मजला आमचा, खालचा त्यांचा. त्यांनी चहाला बोलावलं होतं. माझा ओंकार तेव्हा सहा वर्षांचा, सई चारची. पोह्यांच्या बशा समोर आल्या तशी मी दोघांना हात धुवायला पिटाळलं. दोघं गेली आणि लगेच आली.

"मागची बाजू राहिली," सुशीलाताई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. त्यांनी मानही वर केली नव्हती.

ओंकारनं हात पाठीमागे नेले. "धुतले ना, काकू."

"तळवे धुतलेस. धाकटीनं तर नुसती बोटं धरलीत नळाखाली. जा परत, मी ऐकतेय."

दोघं पुन्हा गेली. या वेळी पाण्याचा आवाज थांबून थांबून बराच वेळ येत राहिला. "अंगठे," सुशीलाताई जागेवरूनच म्हणाल्या. "हं, आता नखांच्या आत. आता मनगटं." मुलं आली ती कोपरापर्यंत भिजून. घरी जाताना जिन्यात ओंकारनं मला विचारलं, "आई, त्यांना भिंतीतून दिसतं का?"

त्या ज्या स्टुलावर बसल्या होत्या ते लाकडी, बुटकं स्टूल बाथरूमच्या दाराबाहेर कायम ठेवलेलं असे. भाजी निवडणं, स्वेटर विणणं, पेपर वाचणं, त्यांची सगळी बैठी कामं तिथेच व्हायची. ते तिथे का होतं, हे कळायला मला आठवडा लागला.

रत्ना ही त्यांची एकुलती एक मुलगी. आम्ही राहायला आलो तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. डॉक्टरांच्या हिशेबानं समज चार-पाच वर्षांच्या मुलीएवढी. उंच, गोरी, वेण्या घट्ट घातलेली, आणि इतकी स्वच्छ की कॉलनीतल्या पंजाबी बायका आपल्या मुलांना तिच्याकडे बोट दाखवून ऐकवत, "देखो, रत्ना को देखो." ती बारा वर्षांची असताना तिचे वडील गेले होते. सुशीलाताईंना त्यांच्याच खात्यात अनुकंपेवर नोकरी मिळाली, म्हणून क्वार्टर राहिलं. काम डाक नोंदवायचं आणि पाठवायचं. दिवसभर पाकिटं आणि डिंक. तिथेही त्यांनी जेवायच्या सुट्टीआधी सगळ्या सेक्शनला हात धुवायला लावायचा शिरस्ता पाडला होता. त्यांचे साहेब म्हणायचे, "गायकवाडजी, एक दिन आप मंत्रीजी के नाखून भी चेक करेंगी." त्यावर ह्या म्हणायच्या, "जरूर करूँगी, सर. पहले आप दिखाइए."

त्यांच्या घरात गोष्टी ठरलेल्या असत. नखं बुधवारी. "रविवारी पाहुणे येतात, विसरायला होतं." केस मंगळवारी आणि शनिवारी. प्रत्येकीचा कंगवा वेगळा, पंचा वेगळा. दिल्लीच्या जानेवारीत अर्धी कॉलनी आठवडा-आठवडा अंघोळीला टाळाटाळ करायची, तेव्हाही रत्नाची अंघोळ साडेसहाला. "थंडी तिला कळते, आणि चुकवलेली अंघोळही कळते," त्या म्हणत. "एकदा चुकवू दिली की तिला वाटणार, चुकवता येते."

मी यादी करणारी बाई आहे. माझ्या पर्समध्ये वही असते आणि वहीत कामं असतात. त्यामुळे अशी शिस्त पाहिली की मला बरं वाटतं. मी त्यांना विचारलं होतं, रत्नाला दात घासायला कसं शिकवलंत?

"सव्वा वर्ष लागलं," त्या म्हणाल्या. "आधी मला वाटायचं ही हट्ट करते. मग मी महिनाभर डाव्या हातानं दात घासून बघितले. तूही बघ. ब्रश गालाला लागतो, हिरडीला लागतो, पेस्ट मनगटावरून ओघळते, राग येतो. मग कळलं, हट्ट नाहीये. तिचे दोन्ही हात डावेच आहेत. तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट शिकवायची. दोन महिने नुसतं ब्रश धरणं."

मी घरी येऊन डाव्या हातानं दात घासले. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं.

अंघोळीची गोष्ट त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितली. वडील गेले त्या वर्षी सुशीलाताई कचेरीतून उशिरा आल्या, तेव्हा रत्ना न्हाऊन-माखून बसली होती. शेजारच्या घरी काम करणाऱ्या बाईनं आपणहून तिला अंघोळ घातली होती. बाई चांगली होती, तिचा हेतू चांगला होता. "मैंने बोला हाथ ऊपर, तो बिटिया ने झट से कर दिए," ती कौतुकानं म्हणाली.

"मी तिला चहा दिला, आभार मानले," सुशीलाताई म्हणाल्या. "आणि रात्रभर जागी राहिले. कुणीही हात वर कर म्हटलं की ही हात वर करते, वंदना. कुणीही."

दुसऱ्या दिवसापासून त्या बाथरूमच्या बाहेर आल्या. रत्नाच्या अंगाला कुणाचा हात लागता कामा नये, आईचासुद्धा नाही. तिचं सगळं तिलाच करता आलं पाहिजे, आणि आपण डोळे मिटायच्या आत आलं पाहिजे. एवढा एकच कार्यक्रम त्यांच्या आयुष्याला उरला. दाराबाहेर स्टूल आलं, आणि स्टुलावरून त्या बोलू लागल्या.

"कडी लाव. कपडे खुंटीवर. पाण्यात हात घालून बघ, भाजतंय का? आता तीन मग. साबण घे. मान. कानांच्या मागं. काखा... दोन्ही. दोन्ही म्हटलं मी. आता खाली, पुढून मागं. पायाच्या बोटांमधे. आता धू. पूस. फटी कोरड्या कर. कपडे घाल. उघड."

हा पाठ मी खालून वर ऐकू येणाऱ्या आवाजात पंधरा वर्षं ऐकला. आवाज कधी चढला नाही. माझी मुलं त्याच तालावर वाढली. सई दहावीला होती तेव्हाही अंघोळ करताना "आता खाली, पुढून मागं" असं पुटपुटायची आणि आम्ही बाहेर हसायचो.

दाराचा नियम शिकवायला त्यांनी माझ्याच मुलांना हाताशी धरलं. नियम असा की आत असताना दार वाजलं तर उघडायचं नाही, बोलायचं नाही. जितक्यांदा वाजलं तितक्यांदा आतून वाजवायचं. म्हणजे बाहेरच्याला कळतं, आत कुणीतरी आहे. उघडायचं ते फक्त आईनं "उघड" म्हटल्यावर. पहिले काही दिवस रत्ना टकटक झाली की हसत दार उघडून उभी राहायची. मग रोज संध्याकाळी परीक्षा. ओंकार दारावर दोनदा वाजवायचा. "रत्नादीदी, दार उघड, चॉकलेट आणलंय." आतून दोनदा टकटक. सई तीनदा वाजवायची. आतून तीनदा. एकदा ओंकारनं सुशीलाताईंचा आवाज काढून "उघड" म्हणून पाहिलं. आतून नुसतं खुसखुस हसू. दार बंदच. सुशीलाताई स्टुलावर बसून इतक्या हसल्या की विणकामाचे टाके सुटले. त्या दिवशी त्यांनी मुलांना शंकरपाळे दिले आणि रत्नाला नवा पंचा.

पाळीची वेळ आली तेव्हा पुण्याहून त्यांची नणंद आली होती. बाई मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या, बोलण्यात स्पष्ट. मी चहाचे कप घेऊन उभी होते, तरी त्यांनी आवाज कमी केला नाही. "पिशवी काढून टाक तिची. मी डॉक्टरांशी बोललेय. दर महिन्याला तू कुठवर निस्तरणार? तुझ्यामागं कोण करणार?"

"ती करेल," सुशीलाताई म्हणाल्या.

"कोण ती?"

"रत्ना."

नणंदबाई माझ्याकडे बघून हसल्या. सुशीलाताई उठल्या आणि कपाटातून एक डबा काढून आणला. त्यात पॅड होते, प्रत्येकावर कचेरीतल्या लाल शाईचे थेंब टाकलेले. कुठे दोन, कुठे भरपूर. "हा डाग दिसला की बदलायचं, हे तिला तीन महिन्यांत कळलं. कागदात गुंडाळायला दोन महिने. हात धुवायला विसरते अजून. पण येतंय वन्सं. वेळ लागतोय, पण येतंय."

आठ महिन्यांनी आलं. मी वहीत ती तारीख लिहून ठेवली होती, माझ्या मुलांचे दात पडल्याच्या तारखा लिहिल्या होत्या त्याच पानावर. कॉलनीत कुणाचं मूल अंथरूण ओलं करी, कुणाचं नखं खाई, मी त्या आयांना खाली घेऊन जायची आणि म्हणायची, "ह्यांना विचार." मला त्यांच्या पद्धतीत कुठेही खोट दिसत नव्हती. आणि खोट शोधायचं काम तसं मला बरं जमतं.

साठाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि क्वार्टर सोडावं लागलं. त्यांनी दिल्लीतच द्वारकेला एका सोसायटीत सातव्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पुढे ती बिल्डिंगच पाडायची ठरली, तेव्हा आम्हीही जवळच्याच सेक्टरमध्ये गेलो. नव्या बाथरूममध्ये शॉवर होता, चकचकीत नळ होता, एकच दांडा इकडे फिरवला की गरम, तिकडे फिरवला की गार. रत्ना आत गेली आणि रडत बाहेर आली. सुशीलाताईंनी शॉवर काढून टाकला. जुनी हिरवी बादली, जुना मग, जुनी खुंटीसुद्धा त्यांनी क्वार्टरच्या भिंतीतून उपटून आणली होती. ती त्याच उंचीवर ठोकून घेतली. स्टूल दाराबाहेर ठेवलं. चार दिवसांत घडी बसली.

त्या वेळी मी एक तक्ता करून नेला होता. अंघोळीच्या बारा पायऱ्या, प्रत्येकीचं चित्र, वर प्लास्टिकचं आवरण. सईनं चित्रं काढली होती. बाथरूमच्या आतून लावावा, अशी माझी सूचना.

"छान आहे गं," सुशीलाताई म्हणाल्या. "पण तिला काय गरज? मी आहे ना बोलायला." आणि तक्ता स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूला लावला. तिथे तो दिसायला खरंच छान दिसत होता. मीही आग्रह केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी रत्ना अंघोळीला गेलेली असताना खाली त्यांच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं. पाचच मिनिटांचं काम म्हणून "साबण घे" एवढं सांगून त्या उतरल्या. वर येताना वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. चाळीस मिनिटं. बाहेर आल्या त्या पाच मजले धावत चढल्या. दाराला कान लावला. आत काहीच आवाज नाही. "उघड," म्हणाल्या. रत्नानं दार उघडलं. ती हातात साबणाची वडी घेऊन उभी होती. अंगावरचं पाणी वाळून गेलं होतं. साबण कुठेही लावलेला नव्हता.

त्यांनी मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्या स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर, हातात काही काम नाही. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मी तिला विचारलं, साबण का नाही लावलास?" त्या म्हणाल्या. "तर म्हणते, आई, तू मान म्हणाली नाहीस."

मी म्हटलं, घाबरली असेल. वीज गेली, अंधार झाला.

"नाही गं. ती बिल्कुल घाबरली नव्हती. वाट बघत होती." मग म्हणाल्या, "अठरा वर्षं. मी तिला अंघोळ शिकवलीच नाही, वंदना. माझं ऐकायला शिकवलं."

 

दुसऱ्या दिवसापासून त्या गप्प राहायला शिकू लागल्या. आधी "उघड"च्या अलीकडचं वाक्य गाळायचं. "कपडे घाल" म्हणायचं नाही. ती आपण होऊन घालते का बघायचं. ती पंचा गुंडाळून उभी राहायची. वीस मिनिटं, अर्धा तास. सुशीलाताई स्टुलावर ओठ घट्ट मिटून. मी एकदा तिथे होते. त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. पस्तिसाव्या मिनिटाला आतून कपड्यांची सळसळ ऐकू आली आणि त्यांनी माझा हात इतका दाबला की माझी बांगडी वेडीवाकडी झाली. ते एक वाक्य सुटायला सात महिने लागले. मग "फटी कोरड्या कर." त्याला पाच. आमच्या फ्रीजवर मी एक कागद लावला: बारा पायऱ्या, दोनांवर खूण. उरलेल्या दहांना किती लागतील, याचं गणित मी केलं होतं. त्यांनीही केलं असणार. आम्ही एकमेकींशी त्याबद्दल बोललो नाही.

तिसरी खूण झाली नाही. मागच्या डिसेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्या बारा दिवस हॉस्पिटलात होत्या आणि मी रत्नाला माझ्या घरी आणलं. माझ्या बाथरूममध्ये ती गेली, कडी लावली, आणि उभी राहिली. मी बाहेरून सगळं म्हटलं. शब्द मला पाठ होते, ताल पाठ होता. "मान," मी म्हटलं. "कानांच्या मागं." आतून काहीच नाही. मी दार वाजवलं. तिनं वाजवलं. शेवटी सई म्हणाली, "आई, तिला कळतंय हा काकूंचा आवाज नाहीये." भूक लागल्यावर ती तशीच कोरडी बाहेर आली.

सुशीलाताईंचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का, म्हणून मी माझा फोन पालथा घातला. पंधरा वर्षं कानावर पडलेला तो पाठ कुणीही टिपून ठेवला नव्हता. व्हॉट्सअॅपवर त्यांच्या आवाजातले तीन निरोप सापडले. एकात कोथिंबीर आण, एकात गणपतीच्या आरतीला किती वाजता निघायचं, आणि एकात, अच्छा, झोप आता, उद्या बोलू. कोथिंबिरीचा निरोप ऐकवला तर रत्ना उठून स्वयंपाकघरात आईला शोधू लागली. मी फोन बंद केला.

सुशीलाताई घरी आल्यावर त्यांच्या गुरुग्रामच्या पुतण्यानं सरिता नावाची बाई ठेवली. स्वभावानं बरी, कामाला चोख. सुशीलाताईंचं सगळं ती करायची. रत्ना मात्र तिला बाथरूमच्या दारात येऊ देईना. सरिता दार वाजवायची, रत्ना वाजवायची. नऊ दिवस. शेवटी पुतण्यानं सुतार बोलावून कडी काढून टाकली. त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. नवव्या दिवशी त्या घरात वास येत होता, सुशीलाताईंच्या घरात. सरितानं वॉचमनच्या बायकोला मदतीला घेतलं. पहिल्या दिवशी रत्ना चावली. दुसऱ्या आठवड्यात नुसतीच रडली.

"अब तो दीदी बहुत अच्छी हो गई हैं," फेब्रुवारीत सरिता मला म्हणाली. "बिल्कुल तंग नहीं करतीं."

त्यानंतरच्या एका रविवारी मी गेले तेव्हा अंघोळीची वेळ होती. बादली भरली होती, रत्ना आत होती, सरिता पदर खोचून निघाली होती. व्हीलचेअरमधून सुशीलाताईंनी डावा हात उचलला आणि तिला थांबवलं. मग माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मी त्यांची खुर्ची दाराशी नेली. स्टूल बाजूला सरकवावं लागलं. त्यांनी खूण केली, मी दार ओढून घेतलं.

त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं दार एकदा वाजवलं आणि कान पुढे केला. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. एकदा वाजलं म्हणजे पाणी घ्यायचं.

आतून एकदा टकटक झाली.

त्या थांबल्या. पाण्याचा आवाज नाही. त्यांनी दोनदा वाजवलं. आतून दोनदा आलं. मग तीनदा, सावकाश, अंतर ठेवून. आतून तीनदा, तशाच अंतरानं, चूक नाही. त्या मिटलेल्या ओठांनी बराच वेळ दाराला कान लावून होत्या. सरिता पंचा खांद्यावर टाकून मागे उभी होती. "आंटी, पानी ठंडा हो रहा है," ती हळूच म्हणाली. "जाऊँ मैं?"

सुशीलाताईंनी हात खाली घेतला आणि चाकाला लावला. व्हीलचेअर एका हातानं चालवली की सरळ जात नाही, जागच्या जागी फिरते. ती फिरली आणि त्यांचं तोंड भिंतीकडे झालं. मी पुढे झाले तर त्यांनी नको म्हणून बोट हलवलं. सरिता आत गेली. दार लोटलं गेलं.

"दीदी, हाथ ऊपर," आतून आलं.

मग पाणी पडू लागलं. सुशीलाताई ऐकत होत्या.